एका टनामागचे तीन टन

पालघरहून मनोरकडे जाताना मासवणला सूर्या नदी लागते. धामणी धरणातून सुटलेले, कवडासच्या बंधाऱ्यावरून आलेले पाणी इथे पंपांनी उचलले जाते आणि जवळच्या धुकटणच्या केंद्रात शुद्ध होऊन वसई-विरारच्या नळांपर्यंत जाते. तारापूरच्या औद्योगिक वसाहतीची तहानही सूर्याच भागवते. म्हणजे एकाच नदीचे पाणी एकीकडे पिण्याच्या टाकीत आणि दुसरीकडे रसायनाच्या भट्टीत. या दोन्ही ठिकाणी एक हिशेब लागतो, जो इयत्ता नववीच्या विज्ञानाच्या पुस्तकात 'द्रव्याचे मोजमाप' या नावाने येतो, परीक्षेपुरता पाठ होतो आणि बहुतेकांच्या डोक्यातून त्याच उन्हाळ्यात निघून जातो. तो हिशेब मोलचा.

मराठीत मोल म्हणजे किंमत. रसायनशास्त्रातला मोल हा त्या मानाने गरीब शब्द आहे. तो फक्त मोजतो. डझन म्हटले की बारा, मग चिकू असोत की नारळ. डझनभर चिकू आणि डझनभर नारळ यांची संख्या तीच, वजन मात्र वेगळे. मोल म्हणजे असाच एक प्रचंड डझन : ६.०२२ गुणिले दहाचा तेविसावा घात, इतके रेणू. सोय अशी की पदार्थाचे रेणुवस्तुमान जो आकडा असेल, तितक्या ग्रॅममध्ये बरोबर एक मोल रेणू असतात. पाण्याचे १८ ग्रॅम, कॉस्टिक सोड्याचे ४० ग्रॅम, पॅरासिटामॉलचे १५१ ग्रॅम. कारखान्यात ग्रॅमऐवजी किलो धरायचे, की किलोमोल झाला.

रेणू एकमेकांशी व्यवहार करतात तो संख्येने, वजनाने नाही. एकाला एक, एकाला दोन, एकाला तीन. म्हणून रसायनाचा कुठलाही हिशेब करताना किलोचे आधी मोल करायचे, समीकरणातले गुणोत्तर लावायचे आणि शेवटी मोलचे पुन्हा किलो करायचे. विद्यार्थी चुकतात ते मधली पायरी गाळून. किलोला किलो लावले की उत्तर येते, पण ते कुठल्याच भट्टीत खरे ठरत नाही.

जलशुद्धीकरणाचे उदाहरण आधी घेऊ, कारण त्यात एकच पायरी आहे. पावसाळ्यात नदी गढूळ होते, तेव्हा पाण्यात तुरटी घालतात. हल्ली बऱ्याच ठिकाणी तिच्या जागी पॉली ॲल्युमिनियम क्लोराइड वापरतात, पण हिशेबाची रीत तीच. शुद्धीकरणाच्या तुरटीचे, म्हणजे ॲल्युमिनियम सल्फेटचे, स्फटिकातल्या पाण्यासह रेणुवस्तुमान सुमारे ६६६. पाण्यातल्या बायकार्बोनेटशी तिची क्रिया झाली की एका रेणूमागे ॲल्युमिनियम हायड्रॉक्साइडचे दोन रेणू बनतात. त्याचे रेणुवस्तुमान ७८. हेच हायड्रॉक्साइड कापसासारखे फुलते आणि माती बरोबर घेऊन तळाशी बसते. समजा दर लिटरला ३० मिलिग्रॅम तुरटी लागली, तर १० कोटी लिटर पाण्याला ३,००० किलो लागेल. भागिले ६६६, म्हणजे साडेचार किलोमोल. हायड्रॉक्साइड त्याच्या दुप्पट, नऊ किलोमोल. गुणिले ७८, म्हणजे सुमारे ७०० किलो. दिवसाला इतका गाळ नुसत्या तुरटीचा, नदीच्या मातीचा वेगळा. टाकीखालचा गाळ किती वेळा काढावा लागेल, तो कुठे टाकायचा, याचे उत्तर टाकी बांधण्याआधीच कागदावर मिळते. आणि त्याच क्रियेत एका रेणूमागे बायकार्बोनेटचे सहा आयन खर्ची पडतात, म्हणून पाण्याची क्षारता कमी असेल तर चुनाही घालावा लागतो. तो किती, हेही इथूनच निघते.

तारापूरकडे वळले की पायऱ्या वाढतात, आणि खरा प्रश्न तिथे आहे.

औषधे, रंग, त्यांची मध्यवर्ती रसायने यांतले जवळजवळ काहीच एका क्रियेत बनत नाही. एका पायरीचे उत्पादन हा पुढच्या पायरीचा कच्चा माल असतो. घराघरात असलेल्या पॅरासिटामॉलचेच घ्या. ते बनवण्याचे मार्ग अनेक. त्यातला जुना आणि पाठ्यपुस्तकांत हमखास दिसणारा मार्ग तीन पायऱ्यांचा आहे. पॅरा-नायट्रोक्लोरोबेंझिन (रेणुवस्तुमान १५७.५) कॉस्टिक सोड्याबरोबर दाबाखाली तापवायचे आणि मग आम्ल घालायचे, की पॅरा-नायट्रोफिनॉल (१३९) मिळते. त्यातल्या नायट्रो गटाचे क्षपण केले की पॅरा-अमिनोफिनॉल (१०९). त्यावर ॲसेटिक अनहायड्राइडची क्रिया केली की पॅरासिटामॉल (१५१) आणि सोबत तितकेच मोल ॲसेटिक आम्ल. मुख्य साखळीत तिन्ही पायऱ्यांना एकाला एक असे गुणोत्तर आहे. वजन मात्र १५७, १३९, १०९, १५१ असे खाली उतरून पुन्हा वर चढते. वजनाच्या मागे लागणारा इथेच गोंधळतो; मोल धरून ठेवणाऱ्याला साखळी सरळ दिसते.

एक टन पॅरासिटामॉल, म्हणजे ५०० मिलिग्रॅमच्या वीस लाख गोळ्यांपुरते औषध, हवे आहे असे धरू. हजार भागिले १५१, म्हणजे ६.६२ किलोमोल. सगळे काही शंभर टक्के जमले तर सुरुवातीला तितकेच किलोमोल लागतील : १,०४३ किलो नायट्रोक्लोरोबेंझिन. पण शंभर टक्के कुठेच जमत नाही. काही माल क्रियेत उतरत नाही, काही भलतीच क्रिया करून बसतो, काही गाळणीला आणि धुण्याच्या पाण्यात जातो. प्रत्येक पायरीला ९० टक्के उतारा धरू. हा आकडा कुठल्या कारखान्याचा नव्हे, हिशेबापुरता घेतलेला आहे. तीन पायऱ्यांचा मिळून उतारा ९० टक्के राहत नाही. ०.९ गुणिले ०.९ गुणिले ०.९, म्हणजे ७२.९ टक्के. आता सुरुवातीचा माल १,४३१ किलो लागतो. उतारा एकदाच लावणाऱ्याचे उत्तर १,१५९ किलो येईल. मधले २७२ किलो हा त्याच्या हिशेबातला खड्डा, आणि तो दर टनाला.

पायऱ्या सहा असत्या तर उतारा ५३ टक्क्यांवर आला असता, दहा असत्या तर ३५ टक्क्यांवर. लांब साखळीची औषधे महाग का असतात, याच्या अनेक कारणांपैकी एक हे. शेवटच्या पायरीत वाया गेलेला किलो पहिल्या पायरीतल्या किलोपेक्षा महागात का पडतो, तेही इथे कळते : त्याच्यावर आधीच्या सगळ्या पायऱ्यांचा खर्च होऊन बसलेला असतो.

इथवरचा हिशेब मालकाच्या फायद्याचा असल्यामुळे प्रत्येक कारखान्यात तो होतोच. शेवटच्या रुपयापर्यंत होतो. वसाहतीबाहेरच्या माणसाच्या कामाचा हिशेब याच्या पुढचा आहे, आणि तो करायला वेगळे काही शिकावे लागत नाही. समीकरणाची उजवी बाजू पूर्ण वाचावी लागते, इतकेच.

पहिल्या पायरीत नायट्रोक्लोरोबेंझिनच्या एका मोलला कॉस्टिक सोड्याचे दोन मोल लागतात. त्या सोड्यातले सोडियम औषधात जात नाही. आम्ल म्हणून हायड्रोक्लोरिक ॲसिड वापरले, तर सगळे सोडियम शेवटी मीठ होऊन पाण्यात उरते. ९.०८ किलोमोल मालाला १८.१७ किलोमोल सोडियम, गुणिले ५८.५, म्हणजे सुमारे १,०६० किलो मीठ. एक टन औषधामागे एक टन मीठ, आणि अजून दोन पायऱ्या बाकी आहेत.

दुसऱ्या पायरीत क्षपणासाठी जुन्या पद्धतीने लोखंडाचा चुरा वापरला, तर नायट्रोफिनॉलच्या चार रेणूंमागे लोखंडाचे नऊ अणू लागतात आणि काळ्या लोहऑक्साइडचे तीन रेणू बनतात. या पायरीवर येणारा माल ८.१८ किलोमोल. ऑक्साइड ६.१३ किलोमोल, गुणिले २३२ : सुमारे १,४२० किलो. हे कोरडे वजन. प्रत्यक्षात हा गाळ ओला असतो, त्यात सेंद्रिय रसायने अडकलेली असतात, आणि लोखंड समीकरणापेक्षा जास्तच घालावे लागते. पायरीचे मूळ उत्पादन, ते पॅरा-अमिनोफिनॉल, ८०० किलो आहे. उत्पादनापेक्षा गाळ जवळपास पावणेदोन पट जड.

तिसऱ्या पायरीतले ॲसेटिक आम्ल ६.६२ किलोमोल, म्हणजे जवळपास ४०० किलो. ते गोळा करून पुन्हा विकता येते, आणि शहाणा कारखाना ते करतोच. सांडपाण्यात सोडले, तर पाण्यातले जिवाणू ते खातील, पण प्रत्येक रेणूमागे ऑक्सिजनचे दोन रेणू खर्चून. ६० किलो आम्लाला ६४ किलो ऑक्सिजन; ४०० किलोला सुमारे ४२५ किलो. सामायिक प्रक्रिया केंद्रातून बाहेर पडणाऱ्या पाण्याला रासायनिक ऑक्सिजन मागणीची मर्यादा लिटरला २५० मिलिग्रॅम आहे. नुसत्या पाण्याने पातळ करून ती गाठायची म्हटली (तसे करायला परवानगी नाही), तर १७ लाख लिटर पाणी लागेल.

शिवाय प्रत्येक पायरीला गळालेला दहा-दहा टक्के माल. त्यातली नायट्रो आणि क्लोरो संयुगे प्रक्रिया केंद्रातल्या जिवाणूंनाच विषारी असतात. जे केंद्र त्यांना पचवायचे, ते त्यांच्यामुळेच आजारी पडते. सगळे मिळून, पाणी आणि द्रावके सोडून, एका टनामागे तीन टनांहून अधिक. लोखंड, मीठ, आम्ल, रसायने. यातले काहीही अपघाताने किंवा निष्काळजीपणाने तयार झालेले नाही. ते समीकरणात लिहिलेले आहे. निष्काळजीपणा सुरू होतो तो हे तीन टन कुठे गेले, या प्रश्नापाशी.

रॉजर शेल्डन या रसायनशास्त्रज्ञाने १९९२ मध्ये अशाच हिशेबातून एक साधा मापदंड मांडला : दर किलो उत्पादनामागे किती किलो कचरा. तेलशुद्धीकरणात तो ०.१ च्या आसपास, मोठ्या प्रमाणावरच्या साध्या रसायनांत एक ते पाच, औषधांत २५ ते १०० पर्यंत. लोकांना वाटते तेलाचा कारखाना सर्वांत घाणेरडा आणि औषधाचा स्वच्छ. दर किलोचा हिशेब उलट सांगतो. औषध कमी बनते म्हणून तो नजरेत येत नाही. पण तारापूरसारख्या ठिकाणी शेकडो छोटे-मध्यम कारखाने एकाच नाल्याला आणि एकाच प्रक्रिया केंद्राला जोडलेले असतात, तिथे तो नजरेत न येणे अवघड आहे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८ च्या निर्देशांकात तारापूर ९३.६९ गुणांनी देशात पहिले आले. ही गुणवत्ता यादी पहिले येण्यासारखी नव्हती.

या वसाहतीचे प्रक्रिया केलेले पाणी नवापूरला समुद्रात सोडले जाते. किनाऱ्यावरच्या मच्छीमारांच्या अखिल भारतीय मांगेला समाज परिषदेने २०१६ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाकडे दाद मागितली. जानेवारी २०२२ मध्ये लवादाने शंभरहून अधिक कारखान्यांवर आणि सामायिक केंद्रावर पर्यावरण भरपाई बसवली. प्रकरण पुढे सर्वोच्च न्यायालयात गेले. असा वाद एकदा सुरू झाला की तो नमुन्यांवर चालतो : कुठल्या तारखेला, कुठल्या चेंबरमधून, किती मिलिग्रॅम. नमुना हवाच. पण नमुना एका दिवसाचा असतो आणि तो घ्यायला माणूस येणार हे पुष्कळदा आधी कळते. समीकरण मात्र वर्षभर तेच राहते. ज्या कारखान्याने वर्षात शंभर टन उत्पादन केल्याचे विक्रीकागद सांगतात, त्याच्याकडून लोखंडाचा गाळ तळोज्याच्या सामायिक घातक कचरा प्रकल्पाकडे किती टन गेला, एवढा एक प्रश्न विचारला तरी पुरे. वरच्या हिशेबाने तो कोरडाच १४२ टन हवा. नोंद चाळीस टनांची असेल, तर तीन शक्यता उरतात : उत्पादन खोटे, पद्धत वेगळी, किंवा शंभर टन गाळ दुसरीकडे गेला. पद्धत वेगळी असेल तर आनंदच आहे. ती दाखवायला कुणाला अडचण असू नये.

पद्धत वेगळी असू शकते, आणि इथे उद्योगाच्या बाजूचेही सांगितले पाहिजे. लोखंडाऐवजी उत्प्रेरक वापरून हायड्रोजनने क्षपण केले, तर दुसऱ्या पायरीत गाळाऐवजी उरते ते पाणी : एका मोलला दोन मोल. त्याच एक टन पॅरासिटामॉलमागे १,४२० किलो लोहऑक्साइडच्या जागी सुमारे २९० किलो पाणी. अनेक मोठे उत्पादक याच मार्गाने गेले आहेत. छोट्यांना तो परवडत नाही, कारण दाबाची भांडी, हायड्रोजनची साठवण, उत्प्रेरक आणि प्रशिक्षित माणसे लागतात. पॅरा-अमिनोफिनॉलसाठी देश चीनवर अवलंबून असल्याने केंद्राच्या उत्पादनाशी निगडित प्रोत्साहन योजनेत त्याचा समावेश झाला. अशा सवलती देताना किती टन बनवणार यासोबत कुठल्या समीकरणाने बनवणार हेही विचारायला हवे. टनाचे प्रोत्साहन गाळालाही मिळता कामा नये.

आणखी एक गोष्ट मोलमध्येच मोजली जाते, आणि ती कामगारांच्या जिवाशी जोडलेली आहे : उष्णता. नायट्रो गटाचे हायड्रोजनने क्षपण होताना एका मोलमागे साधारण ५५० किलोजूल उष्णता बाहेर पडते. ८.१८ किलोमोलचा एक घाणा घेतला तर साडेचार अब्ज जूल. तीस अंशांवरच्या पंधरा टन पाण्याला उकळीपर्यंत नेण्याइतकी. भांडे थंड ठेवणारे पाणी मध्येच थांबले, किंवा उत्पादन वाढवायचे म्हणून घाणा दुप्पट केला आणि थंड करण्याची सोय तीच ठेवली, तर काय होईल हे कळायला प्रयोग करून पाहण्याची गरज नाही. घाणा दुप्पट केला की उष्णताही दुप्पट होते. भांड्याचा पृष्ठभाग मात्र त्या प्रमाणात वाढत नाही. मार्च २०१८ आणि जानेवारी २०२० मध्ये तारापूर परिसरात कामगारांचे बळी घेणारे स्फोट झाले. प्रत्येक स्फोटाचे कारण वेगळे असते आणि ते तपासानेच ठरते. पण घाण्याची उष्णता आणि ती काढून घेण्याची क्षमता हे दोन आकडे प्रत्येक भट्टीपाशी मराठीत आणि हिंदीत लिहिलेले असावेत, ही मागणी कुठल्याही तपासाच्या निष्कर्षाची वाट पाहत थांबायची नाही.

हे सगळे लोकांसमोर यायला नवा कायदा लागत नाही. राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या संमतीपत्रात प्रत्येक उत्पादनाचे प्रमाण, सांडपाणी आणि घातक कचरा यांचे आकडे असतात. मोठ्या प्रकल्पांच्या पर्यावरण परिणाम अहवालात वस्तुमानाचा ताळेबंदही मागितला जातो. १९८६ च्या पर्यावरण संरक्षण नियमांखाली कारखान्याने दरवर्षी ३० सप्टेंबरपर्यंत पर्यावरण विवरणपत्र भरायचे असते. त्यात दर एकक उत्पादनामागे किती पाणी आणि किती कच्चा माल लागला, याचे रकाने आहेत. तीन ठिकाणी तीन कागद. ते एकमेकांशेजारी ठेवून कुणी जुळवून पाहत असेल, तर त्याचे निष्कर्ष नवापूर, आलेवाडी किंवा मुरब्याच्या ग्रामपंचायतीपर्यंत पोहोचत नाहीत. मंडळाने संमतीपत्राच्या नूतनीकरणावेळी प्रत्येक उत्पादनासमोर एक ओळ वाढवावी : या समीकरणानुसार दर टनामागे अपेक्षित मीठ इतके, गाळ इतका, आम्ल इतके, आणि वर्षभरात प्रत्यक्ष पाठवलेले इतके. एखाद्या वसाहतीपासून सुरुवात करायची तर तारापूरइतकी योग्य जागा दुसरी नाही. जुळवणीला माणसे नाहीत ही सबबही टिकणार नाही. पालघरच्या सोनोपंत दांडेकर महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकणाऱ्या मुलांना प्रकल्प हवेच असतात, आणि वर केलेल्या हिशेबात पदवीच्या पहिल्या वर्षाबाहेरचे काही नाही.

यावर व्यापारी गुपिताचा आक्षेप येईल. तो पूर्ण पोकळ नाही. उत्प्रेरक कुठला, तापमान किती, द्रावक कुठले, कुठल्या क्रमाने काय घातले, यात कारखान्याची खरी कमाई दडलेली असते आणि ती त्याचीच राहावी. पण सोडियम किती आत आले आणि किती बाहेर गेले, यात गुपित नाही. लोखंडाचेही तसेच, क्लोराइडचेही. ही मूलद्रव्ये भट्टीत बनत नाहीत की नष्ट होत नाहीत. खरेदीच्या बिलात जितकी आहेत तितकी कुठे ना कुठे असतातच. विवरणपत्राच्या नमुन्यातही, कराराचा भंग होत असेल तर कच्च्या मालाच्या नावाऐवजी संकेतांक लिहिण्याची मुभा आहे. वजन लपवण्याची मुभा त्यात नाही.

उतारा घाण्यागणिक बदलतो, हा दुसरा आक्षेप. बदलतोच. म्हणून एका आकड्याऐवजी पट्टा द्यावा : ८५ ते ९२ टक्के, जे असेल ते. उतारा खाली आला तर कच्चा माल जास्त लागतो आणि कचराही वाढतो, हे दोन्ही आकडे एकाच दिशेने हलले पाहिजेत. कच्च्या मालाची खरेदी वाढली, औषध तितकेच राहिले आणि तळोज्याला गेलेला गाळही तितकाच राहिला, तर पट्टा कितीही रुंद धरला तरी ते जुळत नाही. आणि ते जुळत नाही हे पाहायला खाडीत उतरून बाटली भरावी लागत नाही.